नावाचे बागवान

बागवान हा शब्द फार्सी. बाग करणारा, बाग राखणारा तो बागवान. सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या मंडईत जा, फळांच्या आणि भाजीच्या गाळ्यांवर हे आडनाव भेटतंच. पण वांग्याचं रोप किती दिवसांचं झालं म्हणजे लावायचं, असं तिथं कुणाला विचारलं तर तो हसेल आणि वांग्याचा आजचा दर सांगेल. नाव बागेचं राहिलं, धंदा बाजाराचा झाला. हे कधी झालं, कुठल्या पिढीत झालं, ते आमच्या घरात तरी कुणाला सांगता येत नाही.

साताऱ्याला राजवाड्याजवळच्या मंडईत आमच्या अब्बांचं बसणं होतं. त्याआधी आजोबांचं. पहाटे सौद्याला जायचं, पालेभाजी शेकड्यावर घ्यायची आणि उजाडताना पाट्या मांडायच्या. उन्हाळ्याच्या आधी वाई-मेढ्याकडं जाऊन मोहोर बघायचा, झाडं मक्त्यानं घ्यायची, राखण ठेवायची, आंबा उतरवायचा आणि घरात अढी घालायची. अढीच्या दिवसांत झोपायला जागा नसायची, पण अख्ख्या घराला वास असायचा. अब्बा कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगत. मेथीची पेंडी हातात घेतली की काल संध्याकाळची की आज पहाटेची, हे देठाच्या कापावरून ओळखत. हे ज्ञान लहान नव्हे. पुस्तकात ते सापडत नाही आणि एका पिढीत येत नाही. फक्त ते सुरू होतं भाजी कापल्यानंतर. कापण्याआधीचं सगळं शेतकऱ्याचं.

आणि तरी कागदावर आम्ही बागवानच असायला हवं होतं. मुलांच्या शिक्षणासाठी ओबीसीचा दाखला काढायची वेळ आली तेव्हा हे कळलं. महाराष्ट्रात त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी 'मुसलमान' एवढंच लिहून ठेवलेलं. आपल्या समाजातल्या किती घरांची ही गोष्ट आहे ते वाचकांना सांगायला नको. अत्तार, तांबोळी, पिंजारी, शिकलगार, सगळे त्या एका शब्दात बसवलेले. कचेरीतल्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "बागवान कशावरून?" जुनी कागदपत्रं शोधून शेवटी ते काम झालं, पण प्रश्न कागदापुरता राहिला नाही. खरंच, कशावरून?

याचं एक उत्तर घराच्या मागच्या बाजूला होतं.

आमच्या साताऱ्याच्या घरामागं परडं होतं. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं अळू आणि पुदिना. पत्र्यावर चढवलेला दोडका, कुंपणाला घेवडा, कोपऱ्यात शेवगा, फुटक्या माठात सब्जा. हे सगळं अम्माचं. अब्बा त्याला 'तुम्हारा जंगल' म्हणायचे. त्यांचा माल मंडईत होता आणि त्याचा हिशोब वहीत होता. अम्माच्या भाजीचा हिशोब कुठंच नव्हता, कारण ती विकली जात नव्हती, नुसती खाल्ली जात होती. पावसाळ्यात धंदा बसला की आठवडेच्या आठवडे घर त्या जंगलावर जेवायचं, पण बागवान म्हणजे अब्बा, हेच सगळ्यांना ठाऊक. अम्मा चुलीतली राख चाळून घेवड्यावर भुरभुरायची. मगरिबची अजान झाली की कुणाला पानाला हात लावू द्यायची नाही. धणे पेरताना ते चपलेखाली हलके रगडायची आणि म्हणायची, "फोड के डाल, एक में दो जीव रहतें." यातलं कशासाठी काय, हे तिनं कधी उलगडून सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलंही नाही. ती गेली, परड्यावर पुढं खोली चढली.

नोकरीनिमित्त आम्ही सांगलीला आलो आणि इथलेच झालो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला, तळमजल्यावरची कुटुंबं गच्चीवर आली. १२ ऑगस्टला बकरी ईद होती. नमाज गच्चीवरच झाली आणि जेवण सगळ्यांना एकच, खिचडी. कुर्बानीचे पैसे कित्येकांनी पूरग्रस्तांसाठी दिले. कांदा, बटाटा, डाळ, तांदूळ होड्यांतून येत होतं आणि त्याबद्दल शुक्र. पण आठव्या दिवशी तोंडाला हिरवं काहीतरी हवंसं वाटायला लागलं. सूरह बकरामध्ये मूसा अलैहिस्सलामांच्या लोकांची हकीकत येते. आयतं आसमानी खाणं मिळत असताना त्यांनी पालेभाजी, काकडी, डाळ, कांदा मागितला. लहानपणी ऐकताना ते लोक नाशुक्रे वाटायचे. त्या गच्चीवर त्यांची अडचण जरा कळली. पाणी ओसरल्यावरही बरेच दिवस मंडई लागली नाही, आणि लागली तेव्हा कोथिंबिरीच्या पेंडीचा भाव ऐकून बागवानाच्या घरातली माणसं रिकाम्या हातानं परत आली.

बागेची सुरुवात त्यातून झाली. गच्ची तर होतीच. तळमजल्यातून उपसलेल्या गाळाचा ढीग आवारात पडून होता. नदीचा गाळ, पण त्यात गटारंही मिसळलेली, म्हणून हिवाळाभर उन्हात पसरून ठेवला आणि उन्हाळ्यानंतरच वापरला.

शिकवायला भेटल्या शेजारच्या काकू. जैन शेतकरी घरातल्या, माहेर कृष्णाकाठचं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर त्यांच्या घरी चालत नाही, पण मातीतलं त्यांना जे कळतं ते आम्हाला अजून कळत नाही. सांगलीची काळी माती कुंडीत नुसती भरली तर पाणी धरून बसते आणि सुकली की कुंडीच्या कडेनं फाटते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून एक घमेलं गाळ, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं उसाचं बारीक केलेलं पाचट. ऊस आपल्याकडं कमी नाही. पाचट मिळालं नाही तर रसवंतीवाल्याकडची चिपाडं, पण ती आधी पाण्यात भिजवून गोडी काढलेली, नाहीतर मुंग्यांची शाळा भरते. पाण्याच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. "भाभी, पाणी घालायच्या आधी बोट घाला. दोन पेरं आत ओल लागली की राहू द्या."

बी विकत आणायचीही गरज पडली नाही. पहिलं पीक स्वयंपाकघरातल्या डब्यातून आलं. मेथीदाणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आले आणि महिन्याच्या आत भाजी झाली. एवढ्या लवकर यश देणारं दुसरं पीक नाही, नवशिक्यानं मेथीपासूनच सुरुवात करावी. धण्यांनी मात्र वाट बघायला लावली, आठ दिवस, दहा दिवस, काहीच नाही, आणि मग एका सकाळी दोन-दोन पात्यांची रांग. काकूंनी सांगितलं, धणा म्हणून आपण जो दाणा समजतो ते फळ असतं, आत दोन बिया असतात, फोडून पेरलं की दोन्ही उगवतात. अम्माचे दोन जीव ते हे.

मेथी अशी वाढवल्यावर मंडईत उभं राहून पेंडीकडं बघणं बदलतं. पूर्वी दहा रुपयांची पेंडी दिसायची. आता पंचवीस दिवस दिसतात. ढगाळ हवा, चुकलेला पाऊस, पहाटेची काढणी, टेम्पोचं भाडं, अडत. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला अब्बा का चिडत नसत आणि शेतकऱ्याशी घासाघीस करताना मात्र आवाज का चढवत, याचाही विचार येतो. ते मधले होते. दोन्ही बाजूंची वेळ त्यांच्या हातून पैशात बदलत होती, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, पोट होतं.

वांग्याशी आमचं नातं जुनं, निदान खाण्याचं. कृष्णाकाठची वांगी म्हटल्यावर या भागात आणखी काही सांगावं लागत नाही. काकूंनी माहेरचं बी दिलं. रोप तयार व्हायला महिना-सव्वा महिना, मग मोठ्या कुंडीत लावणी, मग फुलं. हायब्रीडच्या पाकिटातलं झाड भरपूर धरतं, पण त्याच्या फळातलं बी ठेवून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच झाड येईल याचा भरवसा नाही, दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. काकूंच्या वांग्याचं एक फळ झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवायचं, बी धुवून राखेत सुकवायचं. आता ते आमचंही बी आहे. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी दरवर्षी येते. वाळलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडून टाकायचा, निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या मापानं रात्रभर भिजवायच्या आणि गाळून फवारायच्या. अळी पूर्ण जात नाही. चारातलं एक वांगं तिचं, असं आम्ही धरून चालतो. माणसानं लावलेल्या झाडाचं पाखरानं, जनावरानं खाल्लं तरी ते लावणाऱ्याचा सदका ठरतो, असं हदीसमध्ये आहे. अळीचं नाव त्यात घेतलेलं आठवत नाही, पण वगळलेलंही नाही.

या वांग्याची एक मजा वाचनात आली. ते मूळचं इकडचं. संस्कृतातल्या नावावरून फार्सीत बादिंगान झालं, अरबांनी बादिंजान केलं, त्यांच्याबरोबर ते स्पेनला पोचलं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वाम यांनी शेतीवर 'किताब अल्-फिलाहा' हा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात पाचशेहून अधिक वनस्पतींची माहिती आहे. पोर्तुगिजांनी अरबी नाव आपल्या जिभेवर वळवून घेतलं आणि तेच घेऊन ते हिंदुस्थानात उतरले, तेव्हापासून इंग्रजी शिकलेला माणूस आपल्याच वांग्याला ब्रिंजल म्हणतो. कोण कुठून आलं याची चौकशी करणाऱ्यांनी भाजीच्या टोपलीपासून सुरुवात करावी. मिरची, टोमॅटो, बटाटा हे तर समुद्रापलीकडचे, आणि त्यांच्याशिवाय कुणाचा स्वयंपाक अडत नाही असं घर सांगलीत दाखवा. काकूंचं बटाट्यापुरतं सोडा.

पुदिन्याला कुणी शिकवावं लागत नाही. मंडईतल्या जुडीतल्या चार काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवल्या की आठवड्यात मुळ्या सुटतात. अर्धी सावली आणि ओल, एवढंच त्याचं मागणं. फक्त त्याला वेगळी कुंडी द्यावी, तो शेजाऱ्याला राहू देत नाही.

खताच्या बाबतीत आमच्या घरात खरी चर्चा झाली. श्री. अ. दाभोळकर यांचं 'विपुलाच सृष्टी' एका मित्रानं वाचायला दिलं. साताऱ्याच्या दाभोळकरांच्या घरातले हे गणिताचे शिक्षक, डॉ. नरेंद्र त्यांचे धाकटे भाऊ. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना प्रत्येक पान मोजायला शिकवलं. पाच माणसांचं घर दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, हा त्यांचा हिशोब. मुंबईतल्या गच्च्यांवर चिपाडं भरून भाजी पिकवणाऱ्यांनीही त्यांच्याकडूनच धडे घेतले. सूर्यप्रकाश फुकट आहे, तो किती पानांवर झेलता ते सांगा, असा एकूण विचार. आम्हाला दहा गुंठे कुठले, पण दहा बाय वीसची गच्ची होती. त्यांच्या माणसांनी पुढं रुळवलेलं अमृतपाणी करायचं ठरलं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाण्यात मिसळून घालायचं.

गोमूत्र म्हटल्यावर मुक्कामाला आलेल्या फूफींनी बादलीच बाजूला केली. "नमाज पढने वाला घर है, नापाक चीज अंदर नक्को." त्यांचं म्हणणं धुडकावण्यासारखं नव्हतं. मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, अंगाला-कपड्याला लागलं तर धुवायचं, पण खताला मनाई नाही. हनफी फिकहमध्ये शेणखताची खरेदी-विक्रीही जायज आहे. नापाक खाऊन झाड पाक फळ देतं, ही तर अल्लाहची कुदरत. वर त्यांनी आपल्या कढीपत्त्याला काय घालावं ते विचारून घेतलं. शेवटी बादली वेगळी, जागा गच्चीवरच्या टाकीमागं, आणि ढवळायची काठी कुणी घरात आणायची नाही, असा तह झाला. गवळ्याकडून शेणाची पिशवी स्कूटरला अडकवून आणताना २०१५ च्या कायद्यानंतरचे दिवस मनात येतात, नाही असं नाही. गवळी मात्र काही विचारत नाही. पिशवी गळकी नाही ना, एवढंच बघतो.

पाणी हा आमच्या जिल्ह्याचा उलटा विषय आहे. कृष्णाकाठ बुडतो आणि जत, आटपाडी, पलीकडं साताऱ्यातले माण, खटाव टँकरची वाट बघतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघितलेल्या माणसाला नळ सोडून कुंड्या भिजवणं जमत नाही. आमच्या घरी वजूचं पाणी टबात पडतं. दोन माणसं, पाच वक्त, साबण नाही, तेल नाही. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर पंधरा-वीस कुंड्यांना ते पुरतं. अम्माच्या परड्यात मोरीचं पाणी अळवाला का जायचं, हे सांगायला आता कुणी लागत नाही.

मांडवावर दुधी चढला त्या वर्षी मिरजेला सतारमेकर गल्लीत एका कारागिराकडं जाणं झालं. १९व्या शतकापासून तिथं मुसलमान कारागीर सतारी आणि तंबोरे घडवतात. मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचा भोपळा येतो पंढरपूरकडून, भीमेकाठच्या शेतांतून. जात दुधीचीच, पण चव कडू आणि साल जाड. बागवान दुधी घेताना नख रुतवून बघतो, कोवळा आहे ना. हे लोक नख रुतणारा भोपळा बाजूला सारतात. वेलीवर पुरता जून झालेला, मग महिनोन्महिने वाळलेला, मंडईत फुकट कुणी घेणार नाही असा त्यांना हवा. आमचा एक दुधी कौतुकानं नेला होता. कारागिरानं वाजवून बघितला आणि "हलवा करो, सर" म्हणून परत दिला.

आता सब्ज्याचं. सब्जा ही तुळशीचीच बहीण, वनस्पतिशास्त्रात दोघींचं कूळ एक. तिचं बी आपण फालुद्यात घालतो, रमजानमध्ये शरबतात घालतो. सूरह रहमानमध्ये जो रैहान येतो तो सुगंधी वनस्पतीसाठीचा शब्द, आणि अरब लोक आजही सब्ज्याच्या जातीला रैहान म्हणतात. आपल्याकडं सब्जा कब्रीवर लावतात. साताऱ्याला अम्माच्या कब्रीवरही तिच्याच माठातलं बी टाकलं होतं. उन्हाळ्यात तिथं काड्या उरतात, पहिल्या दोन पावसांत पडलेलं बी आपणहून उठतं. शबे बरातला कब्रस्तानात जातो तेव्हा दरवर्षी वेगळंच दृश्य असतं, कारण शबे बरात चंद्राची, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते आणि साऱ्या ऋतूंतून फिरते. सब्जा सूर्याचा, तो मृगाची वाट बघतो.

यावरून एक जुनी सोय आठवली. हिजरी सालावर पेरणी होत नाही, म्हणून दख्खनमध्ये चौदाव्या शतकात शुहूर सन रूढ झाला. आकडे अरबी, इसन्ने, सलास, अर्बा, पण वर्ष सुरू व्हायचं सूर्य मृगात गेल्यावर. मराठ्यांच्या कागदपत्रांतही पुढं शतकानुशतकं तोच चालला, लोक त्याला मृगसाल म्हणत. मिळकतीचा वाद असो की महसुलाचा, शेतकरी हिंदू असो की मुसलमान, तारीख अरबीत आणि पेरणी मृगात. आज हे सांगितलं तर दोन्हीकडची माणसं चमकतात.

अम्माच्या कब्रीवरच्या सब्ज्याचे तुरे आणून त्याचं बी आम्ही सांगलीच्या गच्चीवर लावलं. काकूंच्या तुळशीवृंदावनापासून चार हातांवर. दोघींना तुरे आले की मधमाश्या इकडून तिकडं करतात. काकूंना विचारलं, चालेल ना? त्या म्हणाल्या, "तुळशीला तिची बहीण कशाला नको होईल?" चातुर्मासात त्या पालेभाजी खात नाहीत, तेव्हा त्यांच्या कुंड्यांतली मेथी, पालक आमच्याकडं येतात. रमजानमध्ये आमचा पुदिना त्यांच्याकडं जातो, कारण आमच्याकडं दिवसा चटणी वाटायला कुणी नसतं.

अक्षय तृतीयेला एका जुन्या टबात हळदीचे पाच कंद लावले होते. दुकानातली हळकुंडं उकडून वाळवलेली असतात, ती उगवत नाहीत, त्यासाठी बेण्याचे कच्चे कंद लागतात. ते काकूंच्या भावाकडून आले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं ते इथल्या बाजारपेठेच्या आणि हरिपूरच्या पेवांच्या जोरावर, जमिनीखालच्या त्या कोरड्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. नऊ महिने टब जागेवर होता. पानं पिवळी पडून आडवी झाली, तेव्हा फेब्रुवारीत उकरला. ताज्या हळदीला मातीचा आणि कैरीचा मिळून एक वास असतो, मंडईत तो कधी पोचत नाही. अर्धी काकूंना दिली, थोडी लोणच्याला घेतली, पाच कंद पुन्हा बेण्याला ठेवले.

पुतण्या अजून साताऱ्याला गाळ्यावर बसतो. आला की गच्चीवर फिरून प्रत्येक कुंडीचा भाव करतो. या वेळी त्यानं धणे नेले, आणि जाताना विचारलं, "चाची, फोड के डालने के ना?"

मिरचीवर सध्या चुरडा-मुरडा आला आहे. पानं वळून वाटीसारखी झालीत. काकूंनी आंबट ताक पाण्यात घालून फवारायला सांगितलंय, दोन दिवसांआड. तीन झाडं उपटून टाकली, चार अजून उभी आहेत.